समुद्राच्या पायऱ्या

नांदेडला पावसाळ्यात कुणी विचारत नाही की पाऊस किती झाला. विचारतात, पाणी किती पायऱ्या चढलं. वरच्या धरणातून पाणी सोडलं की निम्मं गाव मोटरसायकलवर बसून गोदावरीच्या घाटाकडे जातं, उघड्या राहिलेल्या पायऱ्या मोजतं, चहा पितं आणि आकडा घेऊन घरी परत येतं. माझे पप्पा तर हा आकडा ऑफिसातल्या कामासारखा आणतात. ते रेल्वेच्या विभागीय कार्यालयात आहेत. दारात चप्पल काढता काढता सांगतात, "अकरा राहिल्या. उद्यापर्यंत नऊ." मग मम्मी भाजीत मीठ घालते. जणू नऊ आणि अकराशी तिच्या मिठाचा काही संबंध आहे.

जगातलं सगळं पाणी पायऱ्यांनीच मोजतात असं मला बरीच वर्षं वाटायचं. मी कुणाला विचारलं नाही. मी सहसा विचारत नाही.

आत्या लातूर जिल्ह्यातल्या मुरुडची. पप्पांची मोठी बहीण. ते तिला अक्का म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवून ती गेल्या उन्हाळ्यात निवृत्त झाली. मी इंग्लिश मीडियमची, त्यामुळे दर मे महिन्यात मला तिच्याकडे पाठवलं जायचं आणि ती पाटीवर मला बाराखडी गिरवायला लावायची. "शिक बाई," म्हणायची, "न्हाई तर म्हातारपणी बसवरच्या पाट्या कोण वाचून दाखवंल तुला?" हे मी मराठीत लिहू शकते आहे, ते तिच्यामुळे. चुका असतील त्या माझ्या शाळेच्या.

निवृत्तीनंतर पप्पांनी तिला विचारलं, "अक्का, बोल. कुठं जायचं? काशी? तिरुपती?"

"समुद्र," आत्या म्हणाली.

पप्पांचा चेहरा पडला. "समुद्रात कोणता देव हाय?"

"नसू दे. मला समुद्र बघायचाय."

नांदेडहून विशाखापट्टणमला थेट गाडी जाते. पप्पांच्या हिशेबात जिथं थेट गाडी जाते तेच जवळचं गाव, मग ते कितीही लांब असो. म्हणून ठरलं विशाखापट्टणम. डिसेंबरात चार दिवसांची रजा टाकून पप्पांनी एका कोऱ्या कागदावर सहलीचं वेळापत्रक आखलं. त्यात प्रत्येक ठिकाणापुढे दोन रकाने होते: आगमन आणि प्रस्थान. पाणबुडी: आगमन ९.१०, प्रस्थान १०.००. रोपवे: आगमन १०.४०, प्रस्थान ११.५५. समुद्राला पहिल्या दिवशी दुपारी पस्तीस मिनिटं दिली होती.

"पस्तीसच?" मम्मी म्हणाली.

"तो काय हलतोय का? एकदा बघितला की झालं."

आत्या स्टेशनवर आली ती पाच लिटरचा पाण्याचा कॅन घेऊन. मुरुडचं पाणी. तिच्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यामुळे पाणी दिसलं की ते भरून घ्यायचं हे तिच्या हातांना ठरलेलं आहे. गाडीत बसल्यावर दर मोठ्या स्टेशनला ती मला खाली पिटाळायची. "जा, तेवढी बाटली भरून आण."

"आत्या, भरलेलीच आहे."

"अर्धा घोट कमी हाय बघ."

पप्पा वरच्या बर्थवरून म्हणाले, "लातूरच्या माणसाला समुद्रावर न्यायचं म्हणजे जोखीमच हाय. दोन दिवसांत आटवून ठेवंल."

"तू गप. गोदावरी हाय म्हणून मिजास करून राहिला. पावसाळा सोडला तर तुझ्या नदीत म्हशी उभ्या राहत्यात, गुडघाबी भिजत न्हाई त्यांचा."

दोघांचं असं तासभर चाललं. मी खिडकीजवळ बसून ऐकत होते. आमच्या घरात मी ऐकण्याच्या खात्यात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर ताडाची झाडं सुरू झाली, तेव्हा पप्पा आणि मम्मी अजून झोपले होते. आत्या माझ्याशेजारी येऊन बसली आणि बाहेर बघत, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "तुला एक सांगते. तू कुणाला सांगत न्हाईस म्हणून सांगते."

मग तिनं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी ती पाचवीला भरती-ओहोटी शिकवत होती. परातीत पाणी घेऊन ती परात इकडून तिकडे कलती करायची, ही तिची पद्धत. पाणी एका काठाला चढलं की भरती, दुसरा काठ उघडा पडला की ओहोटी. तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, तुम्ही समुद्र पाह्यलाय का?"

"मी काय म्हणलं असंल?"

मी तिच्याकडे वळले.

"हाव म्हणलं. पाह्यलाय की. भरती आली की घाटाच्या पायऱ्या बुडत्यात, एकेक करत, म्हणलं. पोरगी खाली बसली. पण मग दरसाली तो धडा आला की मी आपलं तेच. पायऱ्या बुडत्यात. एकदा बोललं की मागं घेता येत न्हाई ना." तिनं पदरानं चष्मा पुसला. "नाशिकला गेले, पैठणला गेले. समुद्र काही घडला न्हाई. आता निवृत्त झाले, आता तरी खरं करून घ्यावं म्हणते. भरती पुरी बघायची. खालून वरपर्यंत. मग त्या पोरीला फोन करीन."

ती पोरगी आता लोह्याच्या पुढच्या एका खेड्यात स्वतः शिक्षिका होती. दिवाळीला आत्याला न चुकता फोन करायची.

"तिला सांगणार?" मी विचारलं.

"बघू," आत्या म्हणाली. "आधी बघू तरी दे."

त्या दिवशी दुपारी अडीचला आम्ही समुद्रावर पोचलो. वेळापत्रकाप्रमाणे. रस्त्याकडून वाळूत उतरायला सिमेंटच्या पायऱ्या होत्या, आणि त्या दिसताच आत्याचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. ती थेट सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसली. चपला काढल्या, साडी घोट्यावर घेतली आणि पाय पुढे करून वाट बघू लागली. पाणी तिथून शंभरेक पावलांवर होतं.

पप्पांनाही पायऱ्या बघून बरं वाटलं. त्यांनी मला ढकललं. "त्या शिट्टीवाल्याला विचार, पाणी किती पायऱ्या चढतं इथं?"

इथं सांगायला हवं की त्या गावात आमचं मराठी चालत नव्हतं, पप्पांचं हिंदी अर्धंच चालत होतं आणि पप्पांच्या तेलुगूत एकच शब्द होता, तो देगलूरकडच्या एका सहकाऱ्याकडून आलेला: 'एंत', म्हणजे किती. तो ते सगळ्यांना म्हणायचे. त्यापुढचं सगळं माझ्यावर. सबंध घरात सगळ्यात कमी बोलणारी मी, आणि तीन दिवस घराचं तोंड मी. "बोल की," पप्पा म्हणायचे, "शाळेत काय नुसती पोएम म्हणायला घातलं होतं का?"

मी त्या जीवरक्षकाला इंग्रजीत विचारलं की पाणी किती पायऱ्या चढतं. त्यानं मला एकदा, मग पायरीवर बसलेल्या आत्याला एकदा बघितलं. त्या पायऱ्या वर जायला आहेत, मॅडम, तो म्हणाला, बाथरूम वर आहे.

मी परत येऊन सांगितलं, "त्याला माहीत नाही."

पस्तीस मिनिटं झाली. पप्पांना भुट्टा मिळाल्यामुळे आणखी वीस झाली. आणि पाणी जवळ यायच्या ऐवजी लांब गेलं. स्पष्ट दिसत होतं. आम्ही आलो तेव्हा जिथं लाट फुटत होती तिथं आता ओली वाळू होती आणि तीवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांची नक्षी काढली होती. आत्या पाय पुढे करून बसलेलीच.

"बघ," पप्पा म्हणाले, "लातूरची हवा लागली त्याला. अक्काला बघून समुद्रबी पळाला."

सगळे हसलो. आत्याही हसली, पण चपला घालताना तिला पट्टा सापडेना. मी खाली वाकून लावून दिला. तिनं फक्त एवढं विचारलं, "इथं भरती येत नसंल का ग?"

"येते," मी म्हणाले. शाळेत मी टाइड्सवर पाच मार्कांचं उत्तर तोंडपाठ केलं होतं, आकृतीसह. पण आकृतीत दुपारचे अडीच नव्हते. ओहोटीच्या वेळी माणसाला नेऊन बसवलं तर काय होतं हे त्या उत्तरात नव्हतं.

दुसरा दिवस वेळापत्रकाचा होता. वाळूवर ओढून ठेवलेली खरी पाणबुडी, जिच्या आत जाता येतं. पप्पांना आतले पाइप आणि घड्याळं इतकी आवडली की त्यांनी दर दारात डोकं आपटलं आणि दर वेळी म्हणाले, "काय मजबूत बनवलंय." मग टेकडीवरचा रोपवे. मम्मीनं पाळण्यात बसायच्या आधी देवाचं नाव घेतलं, बसल्यावर पप्पांचा दंड धरला, आणि खाली उतरल्यावर दोन्ही सोडून म्हणाली, "मला न्हाई भीती वाटली." वरून सबंध समुद्र दिसत होता, निळा आणि सपाट, जमीन संपते तिथून आभाळ सुरू होतं तिथपर्यंत.

आत्या कठड्याला टेकून बराच वेळ उभी होती. "वरून काही कळत न्हाई," ती म्हणाली. "नकाशासारखा दिसतोय. नकाशा काय मी तीस वर्षं बघितलाच."

पुढचा दिवस शेवटचा होता. संध्याकाळी चारला परतीची गाडी. वेळापत्रकात त्या दिवशी सकाळी सहाला निघून डोंगरावरचे जुने बौद्ध स्तूप, मग दीपगृह, मग बंदरावरचा मासळीबाजार, जो आमच्यातलं कुणीही मासे खात नसताना तिथं का होता ते मला अजून कळलेलं नाही. समुद्र नव्हता. समुद्र झाला होता.

मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक शोधलं. असं वेळापत्रक असतं हे पप्पांना ठाऊक असतं तर सहलीची तऱ्हाच वेगळी झाली असती. उद्या पाणी सगळ्यात खाली पहाटे साडेपाचला. सगळ्यात वर पावणेबाराला.

जेवताना मी ते मनात तीनदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "पप्पा, उद्या आत्याला समुद्रावर जायचंय."

"बघितला की काल."

"पूर्ण नाही बघितला."

"पूर्ण म्हणजे? मागून पण बघायचा हाय का?"

"भरती. पहाटे साडेपाच ते पावणेबारा."

पप्पांचा सांबाराचा चमचा थांबला. "सहा तास? एका जागी बसून? म्हैस व्यायला टेकल्यासारखं?"

"राहू दे ग," आत्या घाईनं म्हणाली. "फजूल नको. स्तूप चांगले असत्यात. मला काय, दिसला तेवढा बस झाला."

तिनं असं म्हटलं नसतं तर मी बहुतेक गप्प बसले असते. मी नेहमी 'चालेल' म्हणते. हॉटेल, कपड्यांचा रंग, कॉलेजची शाखा, सगळ्याला माझं 'चालेल' झालेलं आहे. पण आत्या माझ्याकडे अजिबात बघत नव्हती, आणि ते का, हे टेबलावर मला एकटीलाच ठाऊक होतं. कारण सांगता येत नव्हतं. ते माझं नव्हतं.

"मग तुम्ही आणि मम्मी जा स्तुपाला," मी म्हणाले. "आम्ही दोघी समुद्रावर बसतो."

आवाज जरा मोठा झाला असावा. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं वळून पाहिलं. पप्पा माझ्याकडे असं बघत राहिले की जणू भिंतीवरचं कॅलेंडर बोललं.

मम्मी शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही यार्डात उभी मालगाडी तास तास बघता. त्यांनी काय समुद्र बघू नये?"

"मालगाडीचं वेगळं हाय."

"काय वेगळं हाय?"

पप्पांनी वेळापत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. "तीस वर्षांच्या नोकरीत कुणी माझं टाइमटेबल बिघडवलं न्हाई," ते म्हणाले, "आणि ह्या इंग्लिशबाईनं बिघडवलं."

पहाटे आम्ही दोघी चालत गेलो. चंद्र अजून मागच्या इमारतींवर होता, एका बाजूनं जरा झिजलेला. संकष्टी होती, आत्याचा उपास होता. "बघ," ती म्हणाली, "पाणी ओढतोय तो, आणि उपास आमच्याकडून करवून घेतोय."

समुद्र खूप खाली गेला होता. परवा जिथं फक्त लाटा होत्या तिथं आता काळे खडक उघडे पडले होते, पाण्यापासून आमच्याकडे चढत आलेले, लहानमोठे. सिमेंटच्या पायऱ्यांकडे आत्यानं यावेळी पाहिलंही नाही. ती खडकांपाशी उभी राहून बोटानं काही मोजत होती. मग तिनं पर्समधून खडू काढला.

"तू खडू आणलास?"

"पर्समधी असतोच. तीस वर्षं हाय."

तिनं पाण्याच्या कडेच्या खडकापासून सुरुवात केली. वरचा कोरडा भाग पदरानं पुसून मोठा आकडा काढला. १. त्याच्या वरच्या खडकावर २. तिसऱ्यावर तिचा पाय घसरला, मी हात धरला, पुढचे आकडे मी काढले. "चारचा डोळा नीट काढ," ती म्हणाली. सातवा खडक कोरड्या वाळूत होता, सपाट. त्यावर ७ काढून आम्ही त्याच्यामागे बसलो. खाली समुद्रापर्यंत आता सात पायऱ्या होत्या.

सूर्य पाण्यातूनच वर आला. आम्ही दोघींनी तो पाहिला, पण खरं सांगायचं तर आमचं लक्ष एक नंबरकडे होतं.

तो सव्वासहाला बुडाला. आधी लाट नुसती येऊन त्याचे पाय धुवून गेली, मग कमरेला लागली, मग एक मोठी वरून गेली आणि आकडा फिकट झाला. परत दिसला. परत गेला. मग दिसला नाही. आत्यानं माझा गुडघा इतक्या जोरात दाबला की मी ओरडले.

"गेला ना ग?"

"गेला."

"एकेक करत," ती म्हणाली.

साडेसातला पप्पा आणि मम्मी आले. पप्पांच्या हातात इडल्यांचं पुडकं होतं. "रिक्षावाला आला नाही," ते म्हणाले. मम्मी त्यांच्या पाठीमागून माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवत होती. रिक्षावाला आला होता.

"हे काय कराल्या तुम्ही? दगडांना नंबर?"

"पायऱ्या हाईत," आत्या म्हणाली.

पप्पांनी खडकांकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं, आणि तिथं मला कळलं की आता ते कुठं जात नाहीत. "दोन कधी गेला?"

"सात वाजून पाच," मी म्हणाले.

त्यांनी खिशातून वेळापत्रक काढलं, स्तूप आणि दीपगृहावर रेघ मारली, आणि त्याखाली नवे रकाने आखले. तीन नंबरला ते स्वतः जाऊन उभे राहिले आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजवून आले. "आठ वाजून दोन!" ते लांबूनच ओरडले. वाळूत फिरायला आलेल्या लोकांना वाटलं कुणी बुडालं. एक काका थांबले, तेलुगूत काही विचारलं. पप्पांनी अभिमानानं पाण्याकडे हात केला आणि म्हणाले, "एंत?" काका विचार करत पुढे गेले.

"अक्का, इडली खा की एक. चंद्र बघत न्हाई आता."

"तो बघत न्हाई, पण ओढून तर राहिला ना पाणी? कामावर हाय तो. मी कशी खाऊ?"

चार पावणेनऊला गेला, पाच पावणेदहाला. ऊन चढलं. मम्मीनं ओढणी डोक्यावर घेतली, ती पण माझीच. सहावा फार वेळ टिकला. लाट यायची, त्याच्या पोटाला लागून परत जायची. पप्पा उभे राहून पाण्याला हाताला धरून चालवत असल्यासारखे म्हणत होते, "चढ, चढ, चढतंय, चढतंय..." अकरा वीसला तो गेला. पप्पांनी टाळी वाजवली आणि लगेच सातकडे वळले. सात आमच्या पायाशी होता, त्यावर आत्याच्या चपला होत्या.

"चपला उचल, अक्का. आली पायरी."

आत्यानं चपला उचलल्या. आम्ही चौघं वाट बघत राहिलो. लाटा सातपासून दोन हात अंतरावर येत, फेस सोडत, आणि मागे जात. पावणेबारा झाले. बारा वाजायला आले. लाटा जरा आळसावल्यासारख्या वाटायला लागल्या.

"अजून दहा मिनिटं," पप्पा म्हणाले. "लेट असंल."

"न्हाई," आत्या म्हणाली. "एवढंच असतंय. झाली भरती."

तिनं हे असं म्हटलं की कुणाला वाटावं तिनं शंभर भरत्या बघितल्या आहेत. मग तिनं पर्स उघडली आणि मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "त्या पोरीला लाव. तो चेहरा दिसतोय तसला फोन."

मी तिच्याकडे पाहिलं. पप्पा दोन हात अंतरावरच उभे होते. तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "लाव. ऐकू दे."

फोन लागला. पडद्यावर तिशीतली एक बाई, मागे फळा, आणि फळ्यापुढे एकदम दाटलेली दहा-बारा डोकी.

"बाई! कुठं आहात? वारा किती येऊलालाय!"

"समुद्रावर हाय. बघ." आत्यानं फोन फिरवला. फोनमधून एवढा कल्लोळ आला की पप्पा दचकले. एक मुलगी सगळ्यांच्या वरून ओरडली, "बाई, पायऱ्या कुठं हाईत?"

शिक्षिका हसली, जरा ओशाळून. "मी सांगितलंय ना त्यांना. तुम्ही सांगितलं होतं तसंच. घाटाच्या पायऱ्या बुडत्यात म्हणून. दरसाली सांगते."

आत्या फोन हातात धरून उभी होती. पदर उडत होता, तो तिनं आवरला नाही.

"पायऱ्या न्हाईत ग," ती म्हणाली. "खोटं सांगितलं होतं मी तुला. तवा मी समुद्र बघितलाच नव्हता. आज बघितला, पहिल्यांदा. पहाटेपासून बसलेय."

 पप्पांनी वेळापत्रकाचा कागद हळूच खाली केला. शिक्षिकेनं मागे वळून पोरांकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई... मी पण न्हाई पाह्यला."

"आं?"

"पोरांनी विचारलं तर मी पण हावच म्हणलं."

तेवढ्यात मगाचीच ती मुलगी बाईंच्या खांद्याशेजारून पडद्यात घुसली. "बाई, तुम्ही तर म्हणल्ता पाह्यलाय! म्हणून एवढे डोळे फाडून बघालाव व्हय?" सगळा वर्ग खदखदला. आमच्याकडे मम्मीनं ओढणी तोंडावर धरली. आत्या हसायला लागली ती थांबेचना, डोळ्यांतून पाणी आलं तरी.

मग तिनं चष्मा वर केला आणि शिकवायला सुरुवात केली. उभी तशीच, अनवाणी. पाणी कुठून आलं, किती वाजता कोणता दगड गेला. पप्पा शेजारी कागद धरून आकडे पुरवत होते, विचारलं की लगेच. "पाच नंबर?" "नऊ बेचाळीस." पोरं वहीत लिहून घेत असावीत, कारण मधूनच कुणी म्हणायचं, "थांबा, थांबा."

शेवटी त्या मुलीनं विचारलं, "बाई, मग सात नंबर कधी बुडतोय?"

आत्यानं सातकडे पाहिलं. कोरडा, पांढरा, नीट काढलेला आकडा. मला उत्तर ठाऊक होतं. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त चढतं, पाच मार्क, आकृतीसह. पप्पा माझ्याकडे बघत होते, बोल की, असं. मी बोलले नाही. ह्या वेळेला लाजून नाही.

"ते मला ठाऊक न्हाई," आत्या म्हणाली. "बसून बघावं लागंल."